घोडा बरा होतो आणि परत लंगडतो: पाय आणि खूर कोणत्या क्रमाने तपासायचे

नागपुरात आज जे घोडे आहेत ते मुख्यतः वरातीचे, बग्गीचे, नाहीतर रायडिंग शिकवणारे. नालबंदीसाठी मी ज्या तबेल्यांत जातो तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, परवाच तर बरा झाला होता, आज पुन्हा लंगडून राहिला." घोडा तोच, पाय तोच, आणि दिलेलं इंजेक्शनही तेच असतं. इंजेक्शनने दुखणं दबतं, घोडा दोन वराती करतो आणि पुन्हा पाय उचलून उभा राहतो.

लंगडणं परत येतं, कारण मूळ दुखणं कुठे आहे ते कोणी शोधलेलंच नसतं. बरेचजण खांद्यापासून सुरुवात करतात, मालिश करतात, "खांदा उतरला" म्हणून मोकळे होतात. घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो आणि पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातच सापडतं. म्हणून तपासणी जमिनीपासून वर जायला हवी. खूर साफ निघालं तरच घोट्याकडे, नळीकडे, गुडघ्याकडे.

लक्षणं

काल धडधाकट होता, आज सकाळी पाय टेकवतच नाही. वरून सूज नाही, जखम नाही, पण दुखणं इतकं की पाय मोडला असं वाटावं. यामागे बहुतेक वेळा खुराच्या आत साठलेला पू असतो.

नाल बांधल्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत लंगडायला लागला, तर संशय खिळ्यावर घ्यायचा.

मातीवर बरा चालतो, सिमेंट रोडवर आला की आखडून पावलं टाकतो. तळवा पातळ झालेला असतो, गिट्टीची ठेच लागलेली असते किंवा जुनी नाल टाचेकडे रुतत असते. लॅमिनायटिसची (खुराच्या आत हाड आणि भिंत जोडणारा थर सुजण्याची) सुरुवातही अशीच दिसू शकते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष परवडत नाही.

पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, अंग मागे झुकवून उभा आहे, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन बदलतोय, वळायला लावलं की अडखळतो. ही लॅमिनायटिसची ठळक खूण आहे.

पाय उचलल्यावर सडका वास येतो आणि खाचेतून काळा चिकट द्राव निघतो, ती पुतळीची कूज. (तळव्याच्या मध्ये टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा मऊ भाग असतो, त्याला नालबंद पुतळी म्हणतात.)

घोट्याच्या मागच्या खळगीत खपल्या, भेगा, ओलसर चामडी. हे पावसाळ्यातलं कातडीचं दुखणं आहे, खुराचं नाही.

गुडघ्याखाली नळीच्या मागच्या बाजूला गरम सूज, आणि तिथे दाबलं की घोडा पाय ओढून घेतो. तिथली जाड शीर, म्हणजे कंडरा, दुखावली आहे.

मागचे दोन्ही पाय सकाळी सारखेच भरलेले आणि थोडं फिरवलं की उतरतात, घोडा लंगडत नाही. रात्रभर एका जागी उभं राहून असं होतं. त्यासाठी औषध लागत नाही, रोजची चाल लागते.

यातलं काही दिसलं तर पुढचं घरी करू नका

पाय वेडावाकडा दिसतोय किंवा लोंबतोय. सांध्याजवळ जखम आहे, भले ती बोटाच्या पेराएवढी असेल, आणि तिच्यातून पिवळसर, तेलकट, तार धरणारं पाणी येतंय. ते सांध्याचं वंगण असतं. सांधा उघडा पडला की काही तासांचा प्रश्न असतो, आणि वरून जखम किरकोळ दिसते म्हणूनच लोक हळद लावून वाट पाहतात. खुरात खोल खिळा रुतलाय. लॅमिनायटिसची उभं राहायची ढब दिसतेय. ताप आहे (घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं). यातलं एक जरी असलं तरी घोडा जिथे आहे तिथेच ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

आणखी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती माणसालाही लागते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने एका ओळीत गाठी आल्या, त्या फुटून दाट मधासारखा द्राव येऊ लागला, सोबत नाकातून घाण येत असेल, तर तो ग्लँडर्स असू शकतो. गाठी दाबू नका, उघड्या हाताने धुऊ नका, घोडा वेगळा बांधा आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने हा आजार कळवणं बंधनकारक आहे, आणि रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. लपवला तर तबेल्यातले बाकीचे घोडे आणि त्यांची चाकरी करणारा मोतद्दार, दोघांनाही धोका आहे.

पहिली तपासणी: नुसतं पाहणं

याला पैसा लागत नाही, तरी हीच तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते. घोडा सपाट, कडक जागेवर मोकळ्या लगामाने चालवा. दोरी आखूड धरली तर मान हलत नाही आणि काही कळत नाही. एकाने चालवायचं, दुसऱ्याने समोरून, मागून आणि बाजूने पाहायचं. चालताना स्पष्ट दिसलं नाही तर हळू दुडकी द्या. चालतानाच जोरात लंगडत असेल तर दुडकी देऊ नका.

पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचं पुठ्ठं जास्त वरखाली होतं. मालक दाखवतो तो पाय आणि दुखरा पाय वेगळे निघणं नेहमीचं आहे, कारण डोकं खाली जातं त्या पायाकडे लोकांचं लक्ष जातं आणि तो पाय तर चांगला असतो. इथे चूक झाली की पुढची सगळी मेहनत चांगल्या पायावर होते.

डोकं हलत नाही पण घोडा पुढून आखडून, तुटक चालतोय, तर दोन्ही पाय सारखेच दुखत असण्याची शक्यता धरा.

दुसरी: खूर उचला आणि साफ करा

खूर खरवडायचा आकडा आणि एक कडक ब्रश, एवढं पुरे. आकडा टाचेकडून पुढे चालवायचा, पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या आणि मधल्या खाचेपर्यंत. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात खुरात अशी बसते की आतली गिट्टी, काचेचा तुकडा, खिळ्याचं डोकं काहीच दिसत नाही. पाण्याने धुऊन, पुसून, उजेडात पाहा.

खडा अडकलेला मिळाला तर तो काढा आणि दुसऱ्या दिवशी चाल पुन्हा पाहा. अनेक लंगडणी इथेच संपतात.

खिळा किंवा तार रुतलेली मिळाली तर हात तिथेच थांबवा. खिळा पुतळीत किंवा तिच्या आजूबाजूला असेल तर तो आतल्या सांध्यापर्यंत, कंडरेपर्यंत गेलेला असू शकतो, आणि तो जागेवर असतानाच एक्स-रे काढला तर पशुवैद्यांना खोली आणि दिशा नेमकी कळते. उपटून टाकला की भोक काही वेळात मिटून जातं आणि आत काय झालं ते शोधणं कठीण होतं. पशुवैद्य येईपर्यंत खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून त्याच्या आजूबाजूला लाकडाचे तुकडे किंवा जाड कापडाच्या घड्या बांधून खूर जमिनीपासून उचललेलं ठेवा. घोडा उभाच राहत नाही आणि खिळा आत घुसतच चाललाय, तर काढावा लागेल. पण आधी मोबाइलवर फोटो घ्या, नक्की जागा आणि तिरपेपणा टिपून ठेवा, आणि काढलेला खिळा फेकू नका. किती लांबी आत होती ते त्यावरून कळतं.

धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. खुराला छेद गेलाय आणि लस दिल्याचं नक्की आठवत नसेल, तर पशुवैद्यांना ते न विसरता सांगा.

पुतळीची कूज दिसली तर निवारण साधं आहे, पण रोजचं आहे. खाचा साफ करायच्या, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुवायच्या, पूर्ण कोरड्या करायच्या आणि घोडा कोरड्या जागी बांधायचा. लोंबणारे, सडलेले तुकडे नालबंदाने कापावेत. मोरचूद वापरणारे बरेच आहेत. ते काम करतं, पण कोरडी पूड जिवंत मांसावर दाबली तर भाजते. रक्त येतंय किंवा हात लावू देत नाही अशा जागी ते वापरू नका. मधली खाच इतकी खोल झाली असेल की आकडा वर टाचेच्या कातडीपर्यंत जातो, तर ते आपल्या हातातलं राहिलेलं नाही.

कूज परत परत होते त्याचं कारण बाटलीतल्या औषधात शोधू नका. घोड्याच्या पायाखाली पाहा. रात्रभर मूत आणि लिदीच्या चिखलात उभा असलेला घोडा कोणत्याही औषधाने बरा होत नाही. मुरूम टाकून उतार काढलेली जागा आणि दिवसातून दोनदा उचललेली लीद, याने जेवढा फरक पडतो तेवढा मी दुसऱ्या कशानेच पडलेला पाहिला नाही.

खुरांवर जळकं ऑइल लावायची पद्धत सोडा. खूर काळंभोर चमकतं, वरातीत चांगलं दिसतं, पण कूज थांबत नाही आणि भेगा झाकल्या जातात.

तिसरी: हाताने ताप आणि ठोका

तळहात खुराच्या पुढच्या भिंतीवर ठेवा, मग दुसऱ्या पायाच्या खुरावर. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, उन्हातली चारही खुरं तापलेलीच असतात. म्हणून ही तपासणी सकाळी, सावलीत करा आणि एका पायाची दुसऱ्याशी तुलना करा. एकच खूर जास्त गरम असेल तर त्याला अर्थ आहे.

ठोका पाहायला घोट्याच्या मागच्या दोन्ही कडांवर बोटं हलकेच टेकवा. तिथून रक्तवाहिनी खुरात उतरते. निरोगी घोड्यात ठोका इतका मंद असतो की शोधावा लागतो. खुरात पू, ठेच किंवा लॅमिनायटिस असेल तर तो बोटांना ठणठण लागतो. घोडा चांगला असताना रोज एकदा ही जागा शोधायची सवय लावा. नेहमीचा ठोका हाताला माहीत नसेल तर बिघडलेला कसा ओळखणार?

एकाच खुरात जोरदार ठोका आणि अचानक आलेलं तीव्र लंगडणं, म्हणजे पुवाचा संशय. दोन्ही पुढच्या खुरांत जोरदार ठोका, म्हणजे लॅमिनायटिस समजूनच चालायचं.

चौथी: नाल कशी बसली आहे

नाल किती दिवसांची झाली? सहा ते आठ आठवड्यांत खूर कापून नाल पुन्हा बसवायला हवी. खूर महिन्याला सुमारे आठ-दहा मिलिमीटर वाढतं आणि वाढताना नाल पुढे ओढून नेतं. मग नालेची टोकं टाचेखाली राहत नाहीत, आत सरकून तळव्याच्या कोपऱ्यावर दाबतात. नाल काढल्यावर तिथे लाल डाग दिसतो. लग्नसराईत तुळशीच्या लग्नापासून नाल झिजेपर्यंत तशीच ठेवणारे अनेक आहेत. "नाल अजून मजबूत आहे जी," असं सांगतात. नाल मजबूत असते, खूर वाढून गेलेलं असतं.

बाजूने पाहा. घोट्यापासून खाली येणारी तिरपी रेघ आणि खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ एका सरळीत हवी. अंगठा, म्हणजे खुराचं पुढचं टोक, लांब वाढलेला आणि टाच बसलेली असेल तर ही रेघ मोडते आणि प्रत्येक पावलाला मागची कंडरा जास्त ताणली जाते. वर्षातून दोनदा कंडरा दुखावणाऱ्या घोड्याची ही रेघ आधी बघा.

नुकतीच नाल बांधून घोडा लंगडायला लागला असेल तर खिळ्यांची टोकं पाहा. भिंतीवर ती साधारण एका ओळीत निघायला हवीत. एखादं बरंच वर निघालं असेल तर तो खिळा जिवंत भागाला टेकला असण्याची शंका धरा. प्रत्येक खिळ्यावर हातोडीने हलकेच टकटक करा. एका ठिकाणी घोडा पाय ओढेल. त्या नालबंदालाच बोलवा, तो खिळा काढून घ्या आणि त्याच भोकात दुसरा ठोकू देऊ नका. खिळा निघाल्यावर एक-दोन दिवसांत आराम पडायला हवा. काढलेला खिळा ओला, काळा किंवा वास येणारा असेल तर आत पू सुरू झाला आहे, पशुवैद्यांना दाखवा. यात नालबंदाशी भांडण्यात वेळ घालवू नका. पातळ भिंतीच्या खुरात चांगल्या हाताकडूनही असं होतं, आणि लगेच काढलेल्या खिळ्याने बहुतेक वेळा पुढे काही बिघडत नाही.

पाचवी: चिमट्याने दाबून पाहणं, आणि पू

इथून पुढे सरावाचा हात लागतो. नालबंदाकडे तळवा दाबून पाहायचा मोठा चिमटा असतो. तो तळव्याच्या कडेने एकेक बोट पुढे सरकवत दाबत जायचं. दुखऱ्या जागी घोडा दर वेळी पाय ओढतो. एकदाच ओढला तर तो हट्टही असू शकतो, म्हणून त्या जागी परत येऊन खात्री करायची.

पुवाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात याच्याइतकं दुसरं काही होत नाही. तळवा आणि भिंत जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ असते. जून ते सप्टेंबर सततच्या ओलीने ती मऊ पडते. सिमेंट रोडवरचा बारीक खडा तिच्यात शिरतो, मागोमाग जंतू. खुराची भिंत टणक, पुवाला फुगायला जागा नाही. माणसाला नखुरडं झालं की रात्रभर बोट ठणकतं, तसंच पूर्ण शरीराचं वजन पेलणाऱ्या पायात होतं. म्हणूनच घोडा पाय मोडल्यासारखा लंगडतो आणि पू बाहेर पडला की एक-दोन दिवसांत निम्म्याहून जास्त बरा दिसतो.

घरी काय करायचं: दिवसातून एक-दोनदा, वीस मिनिटं, सोसवेल अशा कोमट पाण्यात एप्सम मीठ भरपूर विरघळवून खूर बुडवून ठेवा. नंतर गव्हाचा कोंडा आणि एप्सम मीठ कोमट पाण्यात कालवून तळव्याला लावा, वर कापूस, कापड आणि शेवटी जाड प्लॅस्टिक. चिकटपट्टी खुरावरच गुंडाळा, वरच्या कातडीवर आवळू नका. याने तळवा मऊ होतो आणि पुवाला वाट मिळते. कधी तो खालून फुटतो, कधी वर, केस आणि खूर जुळतात त्या काठावर.

काय करायचं नाही: सुरीने खोल कोरत जाऊ नका. पुवाची वाट बारीक भोकाने उघडायची असते, आणि ते पशुवैद्यांनी किंवा त्यांच्या सांगण्यावरून अनुभवी नालबंदाने करावं. रक्त दिसलं म्हणजे जास्त खोल गेलं. पू आतच असताना नुसत्या अँटिबायोटिकच्या भरवशावर राहू नका. पू निघेपर्यंत दुखणं रेंगाळत राहतं.

दोन दिवसांत फरक नाही, किंवा त्याच खुरात पुन्हा पुन्हा पू होतोय, तर थांबा. आत खुराच्या हाडाला तडा असेल, हाडाला संसर्ग असेल, खिळ्याचा तुकडा राहिला असेल. हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

सहावी: खाणं आणि अलीकडच्या घटना

लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आत हाड आणि भिंत यांना जोडणारा थर सुजतो, आणि वाढलं तर हाड जागेवरून फिरतं किंवा खाली बसतं. पुवाने घोडा सहसा कायमचा जात नाही, याने जातो. म्हणून मागच्या दोन-तीन दिवसांत काय झालं ते आठवा. चंदीचं (दाण्याच्या खुराकाचं) पोतं सुटलं होतं का? लॉनवर पाहुण्यांनी कौतुकाने लाडू, गूळ, भिजवलेले हरभरे भरवले का? घोडी नुकतीच व्याली आणि वार तीन तासांत पडली नाही का? कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं का? घोडा जाडा आहे आणि मानेवरची चरबी हाताला कडक लागते का? सिमेंटवर लांबचं काम झालं का? दुसरा एखादा पाय बरेच दिवस दुखत असल्याने सगळं वजन याच पायावर आलं का?

संशय आला त्या क्षणी चंदी बंद, पाणी आणि साधं गवत सुरू. पायाखाली वाळू किंवा भरपूर पेंढा टाका. "फिरवला की पाय मोकळा होईल" हे इथे लागू नाही. प्रत्येक पाऊल आतला थर फाडतं, म्हणून त्याला चालवू नका. बर्फाची लादी आणून फोडा आणि पाणी-बर्फाच्या मिश्रणात घोट्याच्या वरपर्यंत पाय बुडवून ठेवा. पाइपने पाणी मारणं पुरत नाही. हे सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच सगळ्यात उपयोगी पडतं आणि सतत करावं लागतं. त्यामुळे पशुवैद्य वाटेत असतानाच सुरू करा.

सातवी: खुराच्या वर

खूर साफ निघालं, ताप नाही, ठोका नाही, चिमट्याला दाद नाही. आता नळीच्या मागची कंडरा अंगठा आणि बोटांत धरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चाचपा, आधी पाय टेकलेला असताना आणि मग उचलून. दुसऱ्या पायाशी तुलना करा. गरम, जाड, दुखरी जागा मिळाली तर काम बंद करा आणि वीस मिनिटं गार पाणी किंवा बर्फ, दिवसातून तीन-चारदा. कंडरा जुळायला अनेक महिने लागतात. दोन आठवड्यांत सूज उतरते आणि तिथेच लोक फसतात. शीर आतून अजून कच्ची असते, घोडा बॅन्डसमोर नाचवला जातो आणि ती पुन्हा फाटते. किती फाटली आणि किती भरली ते सोनोग्राफीत दिसतं.

इथे डाग देण्याबद्दल लिहायलाच हवं. तापल्या लोखंडाने डागल्याने कंडरा जुळत नाही. जनावराला असह्य वेदना होतात, भाजल्याची जखम चिघळते, आणि घोडा काही दिवस उभा ठेवावा लागतो. जो थोडाफार फायदा दिसतो तो त्या विश्रांतीचा असतो. विश्रांती डागण्याशिवाय देता येते.

घोट्यामागच्या खपल्यांसाठी केस कातरा, कोमट पाण्याने भिजवून सैल झालेल्याच खपल्या काढा, आणि पूर्ण कोरडं करून चिखलापासून दूर ठेवा. ओरबाडू नका. पाय सुजून वर चढत असेल तर पशुवैद्य.

खुराच्या भेगा बहुतेक उन्हाळ्यातल्या कोरडेपणाने आणि वाढलेल्या अंगठ्याने पडतात, वेळेवर कापलं की खाली उतरत जातात. अंगठ्याची पूर्ण भिंत नवी यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, धीर धरा. वरच्या काठापासून सुरू झालेली, हलणारी किंवा रक्त येणारी भेग मात्र दाखवायलाच हवी.

इंजेक्शनबद्दल

दुखणं कमी करणारं औषध वाईट नाही, लॅमिनायटिसमध्ये तर ते लागतंच. पण ते पशुवैद्यांनी ठरवायचं, आणि दिल्यावर घोडा उभा ठेवायचा. वेदना दाबून वरातीत नेलेला घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण वजन टाकतो, आणि संध्याकाळी जे ठेच होतं ते सकाळी हाडापर्यंत गेलेलं असू शकतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजारी, जखमी जनावराकडून काम करून घेणं हा गुन्हाही आहे. माणसांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. गिधाडं मरतात म्हणून ते जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही.

पशुवैद्यांना फोन करताना

वर सांगितलेलं करूनही दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही, किंवा महिन्याभरात तोच पाय पुन्हा दुखला, तर पुढची पायरी पशुवैद्यांचीच आहे. ते नस बधिर करून दुखणं पायाच्या कोणत्या भागात आहे हे नक्की करतात, मग तिथलाच एक्स-रे किंवा सोनोग्राफी घेतात. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक १९६२ आहे. घोडा गाडीत चढवण्याआधी फोन करून विचारा. नीट न टेकणाऱ्या पायाने प्रवास करवणं कधी कधी जास्त नुकसानीचं ठरतं.

फोनवर हे तयार ठेवा: कोणता पाय, केव्हापासून, अचानक की हळूहळू. मऊ जमिनीवर जास्त की कडक. शेवटची नाल कधी बांधली. कोणत्या खुरात ताप आणि ठोका आहे. अंगाचं तापमान. मागच्या तीन दिवसांचं खाणं आणि काम. धनुर्वाताची लस कधी दिली. आतापर्यंत कोणतं औषध, किती आणि किती वाजता दिलं, आणि दिलं असेल तर ते लपवू नका, कारण त्यावरच पुढचं औषध ठरतं. घोडा कडक जमिनीवर सरळ जाताना आणि परत येताना, असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि तोही इंजेक्शनच्या आधीचा.